पुढचा गेम कोणता? आधी तुमचं मत सांगा

पत्र:

गेली तीन वर्षं मी आमच्या ग्रुपसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) चालवतेय, म्हणजे पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रंगवायचा रोलप्लेइंग गेम, पाचवी आवृत्ती. चार प्लेयर आणि मी. दर दुसऱ्या रविवारी तीनेक तास बसतो आणि बहुतेक वेळा कोणी ना कोणी गळतंच. आमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, आता संपत आलंय आणि पुढे काय खेळायचं यावर गाडी अडली आहे. मी मतदान घेतलं. एकाला पाथफाइंडर हवंय, कारण त्यात पात्र घडवायला जास्त वाव आहे. एकीला भयकथा हवी, पण ‘नवे नियम नकोत, आहे त्यातच बसव’ असं तिचं म्हणणं. तिसऱ्याने ब्लेड्स इन द डार्क या चोरांच्या टोळीच्या गेमचं नाव घेतलं. चौथा म्हणतो, मला काहीही चालेल. त्यात एक मैत्रीण नव्याने यायचं म्हणतेय, तिने असलं काही आजवर खेळलेलं नाही. माझ्या कपाटात न वाचलेली रूलबुकं पडून आहेत, भयकथांच्या कॉल ऑफ कथुलूपासून अवकाशातल्या ट्रॅव्हलरपर्यंत. खरं सांगायचं तर लढायांची आकडेवारी जुळवताना अख्खा शनिवार जातो आणि हल्ली त्याचा कंटाळा येतो. गंमत म्हणजे सगळे अजून ज्या सेशनची आठवण काढतात ते सरदाराच्या महालातल्या चोरीचं. त्यात एकही लढाई झाली नव्हती. सगळ्यांचं मन राखेल असा एखादा गेम सुचवाल का?

— कपाटापुढे उभी

उत्तर:

सगळ्यांचं मन राखणारा गेम मला ठाऊक नाही, आणि कोणी सुचवलाच तर जरा जपून. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात जवळजवळ लिहिलेलं आहे. तुम्ही ते मतदानाच्या निकालात शोधताय आणि ते आहे शेवटच्या चार ओळींत.

चौघांचं म्हणणं तुम्ही नीट मांडलंत. नव्या मैत्रिणीची काळजीही केलीत. तुम्हाला स्वतःला काय चालवायचंय याबद्दल मात्र पत्रात एक अक्षर नाही. जीएमचं, म्हणजे गेम चालवणाऱ्याचं, मत पाचातलं एक नसतं हो. बाकीचे रविवारी तीन तास येतात, तुमचा शनिवारही जातो. जो गेम तुम्हालाच उघडावासा वाटत नाही तो तिसऱ्या-चौथ्या सेशनपासून रडतखडत चालतो, मग तारखा पुढे ढकलल्या जातात, आणि एक दिवस कोणी काही न बोलता कॅम्पेन बंद पडतं. माझ्या पाहण्यातली बहुतेक कॅम्पेन्स अशीच बंद पडली. गेम चांगलाच होता, चालवणाऱ्याचं मन उडालं होतं.

म्हणून मतदान विसरा. नावांवर मतदान घेतलं की प्रत्येक जण आपल्या मनातल्या चित्राला मत देतो. एकजण ‘पाथफाइंडर’ म्हणतो तेव्हा त्याला संध्याकाळभर पर्याय चाळत बसायची हौस असते. दुसरा ‘ब्लेड्स’ म्हणतो तेव्हा त्याला चोर व्हायचं असतं. मतं मोजून शेवटी दगडापेक्षा वीट मऊ अशी निवड होते आणि ती कोणालाच फारशी नको असते. त्याऐवजी तुम्ही स्वतः आनंदाने चालवाल असे दोन, फार तर तीन गेम काढा. प्रत्येकाबद्दल चार वाक्यं सांगा: आपण कोण असणार, सेशनमध्ये काय करणार, काय अजिबात नसणार. निवड त्यातूनच करू द्या. यात हुकूमशाही काही नाही. जो राबणार त्याने यादी करायची, बाकीच्यांनी यादीतलं उचलायचं.

आता एकेकाची मागणी बघू.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती 2019 ची. पात्र घडवायला तिच्यात खरोखरच भरपूर वाव आहे, जवळजवळ प्रत्येक लेव्हलला काही ना काही निवडायचं असतं. प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन, त्या कशाही वापरा, ही तिची सगळ्यात सुटसुटीत कल्पना. लढाई किती जड जाईल याचा तिचा हिशेब डी अँड डीपेक्षा पुष्कळ भरवशाचा आहे, आणि नियम ऑनलाइन अधिकृतपणे मोफत वाचता येतात. पण नकाशे, राक्षस, त्यांच्या खुब्या, सगळं तसंच राहतं. तुमचा शनिवार काही सुटत नाही. एवढं मनापासून हवंय तर तुमच्या मित्रानेच दोन सेशन चालवावीत. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. तीन वर्षं पडद्यामागे बसलेल्या माणसाला समोरच्या खुर्चीत बसायला मिळणं ही मोठी चैन आहे, आणि त्यालाही शनिवार म्हणजे काय ते कळेल.

भयकथा ‘आहे त्यातच बसव’ या मागणीला मात्र ठाम नाही म्हणा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत रात्रभर झोप काढली की सगळे हिट पॉइंट, म्हणजे पात्राची तग धरायची ताकद, परत येतात. लेव्हल वाढते तशी पात्रं दणकट होत जातात आणि बरे करणारे मंत्र कोणा ना कोणाकडे असतातच. अशा माणसांना अंधाऱ्या तळघराची भीती कशी वाटणार? ती दार लाथेने उघडतात. तुम्ही मेणबत्त्या लावा, आवाज खाली आणा, संगीत लावा, शेवटी कोणीतरी अग्निगोळा फेकतोच. कॉल ऑफ कथुलू 1981 पासून टिकून आहे ते नियमांच्याच जोरावर. तिथलं पात्र साधं माणूस असतं, हिट पॉइंट दहा-बाराच्या आसपास आणि ते अनुभवाने वाढत नाहीत. शिवाय सॅनिटी नावाचा आकडा असतो, जो भयंकर काही पाहिलं की खाली उतरतो. नवे नियम नकोत म्हणणारीला सांगा की नियम शंभराच्या फाशावर चालतात: कौशल्य 45 असेल तर 45 किंवा त्याखाली पडलं की जमलं. एवढं कळलं की पहिल्या सेशनपुरतं भागतं. नियमांची छोटी पुस्तिका प्रकाशकांकडून मोफत मिळते आणि तिच्यातच एका झपाटलेल्या घराचं प्रकरण दिलेलं आहे. ते एका बैठकीत होण्यासारखं आहे. त्याआधी टेबलावर विचारून घ्या की कोणाला कुठला विषय अजिबात नको. उत्तराचं कारण मात्र विचारायचं नाही.

तुमच्यासाठी निर्णायक काय ते नावांवरून कळणार नाही, म्हणून एकच प्रसंग तीन गेममध्ये घालून बघू. रात्र, गोदाम, दाराशी एक पहारेकरी, आणि तुमच्या प्लेयरला आत शिरायचंय.

डी अँड डीमध्ये चोर वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात समजा सात मिळवतो. साध्या पहारेकऱ्याची नजर बाराची. म्हणजे फाशावर पाच पडले तरी काम झालं, शंभरात ऐंशी वेळा. जमलं तर आत. नाही जमलं तर पहारेकरी ओरडतो, इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) टाका, नकाशा काढा, मिनिएचर मूर्ती मांडा, आणि पुढचा पाऊण तास लढाई. लढाईसाठी तुमच्याकडे पानंच्या पानं नियम आहेत, चोरीसाठी एक आकडा. यात दोष काढण्यासारखं काही नाही, 1974 साली हा खेळ जन्मला तोच मुळी युद्धाच्या खेळांतून.

कॉल ऑफ कथुलूमध्ये ज्याने लपण्यावर गुण खर्चलेले नाहीत त्याच्याकडे 20 टक्के असतात. म्हणजे बहुधा फसणार. फसल्यावर तो म्हणू शकतो, मी पुन्हा प्रयत्न करतो, बूट काढून, भिंतीला चिकटून. पण दुसऱ्यांदा फसलं तर जे होईल ते जीएम ठरवणार आणि ते पहिल्यापेक्षा वाईट असणार. पहारेकऱ्याच्या हातात पिस्तूल आहे, एक गोळी दहाच्या फाशावर पडेल तेवढे हिट पॉइंट घेते आणि अंगात हिट पॉइंट अकरा. त्या दुसऱ्या फाशाला टेबलावर कोणी श्वास घेत नाही.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये आधी बोलणं होतं. प्लेयर सांगतो, मी सावलीतून सरकतो. तुम्ही सांगता, धोका मध्यम, परिणाम नेहमीसारखा. तो समजा सहाचे दोन फासे टाकतो आणि त्यातला मोठा बघायचा. सहा आला तर बिनबोभाट आत. चार-पाच आला तर आत, पण काहीतरी बिनसतं: कंदील पडतो, कुत्रा भुंकतो, जोडीदार बाहेरच राहतो. तीन किंवा कमी आला तर पंचाईत. दोन फाशांचं गणित असं की छत्तीसात सत्तावीस वेळा तो आत जातो, पण त्यांतल्या सोळा वेळा काहीतरी गळ्यात घेऊनच. आणि कुत्रा भुंकलाच तर प्लेयर म्हणतो, थांबा, काल संध्याकाळीच मी या पहारेकऱ्याला पैसे चारले होते. याला फ्लॅशबॅक म्हणतात. त्याची किंमत स्ट्रेसमध्ये, म्हणजे पात्रावरच्या ताणात, मोजायची, गरज पडली तर फासा टाकायचा, आणि काल संध्याकाळचा तो प्रसंग आत्ता खेळायचा. सामानही तसंच. निघताना फक्त ओझं हलकं की जड तेवढं ठरवतात, दोर होता की नव्हता हे दोराची गरज पडली की ठरतं. एक तास चालणारी ‘आपण कसं शिरायचं’ ही चर्चा तिथे होतच नाही. योजनेचा प्रकार आणि एक तपशील ठरला की एक फासा पडतो आणि तुम्ही थेट भिंतीपलीकडे असता.

तुमच्या ग्रुपला महालातली चोरी आठवते. तुम्हाला आकडेवारीचा वीट आलाय. दर वेळी कोणीतरी गैरहजर असतं. तिन्ही गोष्टी ब्लेड्सकडेच बोट दाखवतात. प्रत्येक काम एका संध्याकाळीत आटोपतं, म्हणून ज्याला येता आलं नाही त्याचं पात्र त्या दिवशी दुसऱ्या कामावर होतं असं म्हणून मोकळं होता येतं. लेव्हल टोळीची वाढते, तिचं वेगळं पान असतं. शत्रूच्या हिट पॉइंटऐवजी तुम्ही कागदावर एक वर्तुळ काढता, त्याचे चार किंवा सहा भाग पाडता आणि धोका वाढेल तसे रंगवता. तयारी म्हणजे एक सावज, दोन अडचणी आणि कोणाची तरी खुन्नस. भयकथावाल्या मैत्रिणीचीही थोडी सोय होते, कारण ब्लेड्समधलं शहर भुतांनी भरलेलं आहे आणि मेलेल्या माणसाचं काय करायचं हा तिथे रोजचाच प्रश्न.

आता तोटेही ऐका. 2017 चं हे पुस्तक पहिल्या वाचनात जड जातं, कारण अर्धी मजा ज्या गोष्टींत आहे त्या एकमेकींचे संदर्भ देत येतात. पहिल्या दोन सेशनला ‘धोका किती, परिणाम किती’ यावर घासाघीस होईल आणि वेग मंदावेल. तुम्हाला दडवून ठेवलेली रहस्यं शेवटी उलगडण्यात गोडी असेल तर अडचण होईल, कारण इथे प्लेयर भूतकाळातही हात घालतात. आणि पाच जण जमले तर एका चोरीसाठी जरा गर्दीच. पण तुमच्याकडे पाचही जण जमतात कधी?

सगळ्यात मोठी अडचण ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याची. डी अँड डीमध्ये तो सुखात असतो. पाळी आली की तलवार चालवायची आणि पुन्हा गप्पांत रमायचं. ब्लेड्समध्ये सतत विचारलं जातं, तू काय करतोस, कसं करतोस, किंमत मोजशील का. अशा माणसाला हे अंगावर येऊ शकतं. त्याला एकटं गाठून विचारा की मागच्या तीन वर्षांत त्याला मजा कधी आली. गेमचं नाव विचारू नका, प्रसंग विचारा. तो नक्की काहीतरी सांगेल. मला वाटतं तेच उत्तर अख्ख्या मतदानापेक्षा उपयोगी ठरेल. ही माणसं निरिच्छ नसतात, त्यांना नावं माहीत नसतात एवढंच.

कपाटातली बाकीची पुस्तकं वाचून संपवायची म्हणाल तर वर्ष जाईल. मी न वाचलेलं रूलबुक हातात आलं की आधी कॅरेक्टर शीट काढते आणि बघते की आकडे कशाला दिलेत. ज्याला आकडा आहे ते टेबलावर घडणार. मग पात्राला अनुभवाचे गुण कशाबद्दल मिळतात ते शोधते. जुन्या डी अँड डीत गुण मुख्यतः खजिन्याचे मिळायचे, म्हणून शहाणे प्लेयर राक्षसाला वळसा घालून सोनं पळवायचे. नंतर गुण राक्षस मारण्याचे झाले आणि वळसे संपले. ब्लेड्समध्ये जिवावर उदार होऊन फासा टाकला की लगेच एक गुण, मग लोक जिवावर उदार होतात. तिसरं, जीएमसाठीचं प्रकरण. त्यात ‘तयारी अशी करा’ हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पुस्तक परत कपाटात. एवढ्याने अर्ध्या तासात निकाल लागतो. तुमच्या ट्रॅव्हलरबद्दल एक सांगून ठेवते: 1977 च्या मूळ आवृत्तीत पात्र तयार करता करताच मरू शकायचं. मला तो प्रकार अजून भारी आवडतो. पण अवकाशातला व्यापार, जहाजाचे हप्ते आणि मालाचे भाव म्हणजे पुन्हा आकडेच. तुम्ही आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर कॅम्पेन संपल्यावर लगेच दुसऱ्या कॅम्पेनचं नाव काढलं नसतं. आधी एक-दोन सेशन लेडी ब्लॅकबर्ड. ब्लेड्स लिहिणाऱ्या जॉन हार्परचाच 2009 चा हा मोफत छोटा गेम. पाच तयार पात्रं, नियम त्यांच्याच पानावर, आणि सुरुवातीलाच सगळे शत्रूच्या हवाई जहाजावर कैदेत. मूठभर फासे टाकायचे, चार किंवा जास्त आलेले मोजायचे. लढायांची तयारी शून्य, कारण प्रश्न एकच, इथून सुटायचं कसं, आणि उत्तर प्लेयरांनी द्यायचं. तयारी न करता चालवणं तुम्हाला झेपतं का, आवडतं का, हे दोन संध्याकाळींत कळेल. आवडलं तर ब्लेड्स, पण ‘सहा कामं करू, मग पुन्हा बोलू’ असं आधीच जाहीर करून. शेवट ठरलेला असला की कुरकुरणारेही मनापासून खेळतात. मधेच एखाद्या रविवारी झपाटलेल्या घराचं प्रकरण घाला. आणि ज्या दिवशी दोघंजण गळतील त्या दिवशी सेशन रद्द करू नका, फियास्को काढा. त्यात जीएम नसतो, तीन ते पाच जण लागतात, आधी काही वाचावं लागत नाही आणि दोनेक तासांत मोठ्या महत्त्वाकांक्षेच्या लहान माणसांचा पार बोऱ्या वाजतो. त्या दिवशी तुम्हीही नुसत्या प्लेयर.

लेडी ब्लॅकबर्ड आवडलं नाही, हात रिकामे वाटले, नकाशा आणि मिनिएचर नसल्याची चुकचुक लागली, तर समजा की कंटाळा डी अँड डीचा नव्हता, तीन वर्षं न थांबता चालवण्याचा होता. मग दोन महिने दुसऱ्या कोणाला चालवू द्या आणि परत या.

राहिली नवी मैत्रीण. तिला आधी रूलबुक पाठवू नका, व्हिडिओही नको. लेडी ब्लॅकबर्डच्या पाच तयार पात्रांतलं एक तिला आधी निवडू द्या, बाकीच्यांनी मग उरलेली घ्यावीत. तीन वर्षं खेळलेल्यांना आधीच बजावा की तिच्या पाळीला सल्ले द्यायचे नाहीत. नवख्या माणसाला नियमांपेक्षा चार तज्ज्ञांचा एकदम चालणारा गलका जास्त घाबरवतो. ती अडली तर तुम्ही दोन वाटा सांगा आणि ‘किंवा तुला सुचेल ते’ असं म्हणून थांबा. तिचा पहिला फासा बिनमहत्त्वाच्या गोष्टीवर वाया घालवू नका. कोठडीच्या कुलपाचा फासा तिलाच टाकायला द्या.